आरएक्स१ एचएस फोटो प्रिंटर: किनारपट्टीच्या दमट हवेत कितपत परवडतो?

डीएनपी या जपानी कंपनीच्या डीएस-आरएक्स१ एचएस या फोटो प्रिंटरच्या एका रोलमधून ४ बाय ६ इंचांचे ७०० प्रिंट निघतात. पेटीत दोन रोल येतात, म्हणजे १,४००. आता देवगड किंवा गुहागरच्या बाजारपेठेतला एखादा स्टुडिओ घ्या, जिथे दिवसाला पासपोर्ट फोटोंच्या पाच शीट, म्हणजे पाच प्रिंट, निघतात. तिथे एक रोल १४० दिवस पुरेल. मिरगाला चढवलेला रोल दसरा-दिवाळीच्या सुमाराला संपेल आणि मधले चार महिने तो कागद आणि ती रिबन पावसाळी हवेत मशीनच्या पोटात बसून राहील. या प्रिंटरबद्दल जे काही बरं-वाईट सांगायचं, ते बहुतेक या एका हिशेबातून निघतं.

यंत्र म्हणून तो चांगलाच आहे, यात वाद नाही. वजन साधारण १४ किलो, रुंदी ३२२ मिलिमीटर, खोली ३५१ आणि उंची २८१, त्यामुळे काउंटरखालच्या फळीवरही मावतो. कागद आणि रिबन दोन्ही समोरूनच चढवायचे, प्रिंटही समोरूनच बाहेर पडतो. भिंतीला चिकटवून ठेवता येईल असं वाटतं, पण मागे हवा खेळायला जागा सोडायलाच हवी. रेझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, बारीक काम हवं असेल तर ३०० बाय ६०० चा मोड आहे. साध्या मोडमध्ये ४ बाय ६ चा प्रिंट १२.४ सेकंदांत येतो. कॉम्प्युटरला जोडायला फक्त यूएसबी २.०, स्वतःचं वाय-फाय नाही. केबल ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. लांब केबलवर मधेच प्रिंटर गायब होतो आणि लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

आत काय चालतं ते माहीत असलं की बिघाड ओळखायला सोपं जातं. हा डाय-सब्लिमेशन प्रकार आहे, शाई नाही. रिबनवर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि शेवटी पारदर्शक थर असे चार पट्टे ओळीने असतात. प्रत्येक पट्टा पूर्ण प्रिंटच्या मापाचा. कागद हेडखालून चार वेळा जातो. हेडमधले बारीक तापणारे ठिपके रंगाची वाफ करून तो कागदात उतरवतात आणि चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसतो. म्हणून प्रिंट बाहेर येतो तो कोरडा, बोट लावलं तरी पुसत नाही आणि मासळीच्या पिशवीत टाकून घरी नेला तरी टिकतो. फोटोत काळा रंग जास्त असो वा नुसती पांढरी भिंत असो, रिबन तेवढीच खर्च होते. इंकजेटवाल्यांना हे पचायला वेळ लागतो.

आता दमट हवेकडे. कंपनीने वापरासाठी सांगितलेली मर्यादा ५ ते ३५ अंश तापमान आणि ३५ ते ८० टक्के आर्द्रता, तीही दव न धरता. जुलैत वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठल्याही उघड्या शटरच्या दुकानात साधा आर्द्रतामापक टांगून बघा, काटा दिवसचे दिवस ८० च्या खाली येत नाही. म्हणजे दार उघडं टाकून चालवलेलं मशीन सरळ सरळ मर्यादेबाहेर चाललेलं असतं. त्याचे परिणाम ठरलेले आहेत.

कागद ओलसर झाला की तो रोलर्समध्ये सरकतो. चार फेऱ्यांपैकी एखादी केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी कडांना रंग सुटतात. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला एका बाजूने पिवळसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर किनार दिसली तर तो फोकसचा दोष नाही, कागद सरकलाय. दुसरं, रिबनला सुरकुती पडते. ही सुरकुती प्रिंटवर तिरकी, फांद्या फुटल्यासारखी रेघ होऊन उतरते, बहुतेक वेळा गडद भागात. एकामागून एक गडद फोटो काढत राहिलं, हेड तापलं आणि हवा दमट असली की ती हमखास येते. अशा वेळी दहा मिनिटं थांबणं हाच उपाय. हेड फार तापलं तर प्रिंटर स्वतःहूनच थांबतो, तेव्हा बंद-चालू करत बसू नका. तिसरं म्हणजे प्रिंट वाकतो. रोलच्या शेवटच्या शंभरेक प्रिंटना थोडा बाक असतोच, कारण कागद आतल्या बाजूला घट्ट गुंडाळलेला असतो. पावसात तो बाक जास्त येतो.

रेघांचं मात्र नीट बघून निदान करा, कारण तिथेच पैसे जातात. ४ बाय ६ चा कागद ६ इंच रुंद असतो आणि हेड त्या ६ इंचांवर आडवं पसरलेलं असतं, कागद ४ इंच पुढे सरकतो. त्यामुळे हेडवर कचरा असेल किंवा एखादा ठिपका जळला असेल, तर रेघ नेहमी फोटोच्या ४ इंची बाजूला समांतर येते आणि प्रत्येक प्रिंटवर त्याच जागी येते. ६ इंची बाजूला समांतर पट्टे दिसले तर हेडला हात लावू नका. ते रोलरचं, नाहीतर हादऱ्याचं काम आहे. ४ इंची रेघ आली की मशीन बंद करून, हेड गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा. पुढे-मागे घासायचं नाही. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुसूनही रेघ तिथेच राहिली तर ठिपका गेला. मग हेड बदलणं आलं आणि तो खर्च मोठा.

पांढरा ठिपका ही वेगळी गोष्ट. कागदावर धुळीचा कण बसला की तिथे रंग उतरत नाही. किनाऱ्यावर ही धूळ म्हणजे बहुतेक वेळा बारीक वाळू असते. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला पर्यटकांना तिथल्या तिथे फोटो देण्याचा धंदा करायचा असेल तर कॅमेरा वाळूत न्या, प्रिंटर नेऊ नका. मशीनचा पंखा आत हवा ओढतो, हवेबरोबर मीठ आणि वाळू येते. मीठ स्क्रूंना आणि कटरच्या पात्याला गंज आणतं, वाळू हेडला ओरखडा पाडते. रस्त्याकडेच्या बंद खोलीत किंवा गाडीत प्रिंटर ठेवून कार्ड आणून प्रिंट द्यावेत. गाडी मात्र उन्हात बंद ठेवून रिबन आत सोडायची नाही. मे महिन्यात ती थरांना थर चिकटून बसते आणि चिकटलेली रिबन पुढे फाटते.

कागद आणि रिबन सांभाळायची पद्धत सोपी आहे, फक्त ती पाळायला हवी. पेटी लादीवर ठेवू नये, लादीला ओल येते. फोडलेला रोल दोन-तीन दिवस लागणार नसेल तर बाहेर काढून मूळ पिशवीत घालावा आणि पापड-कुरडयांना असतो तशा रबरी कडेच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवावा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. रोल मधेच काढून परत चढवला की मशीन सुरुवातीला काही कोरे कागद कापून फेकतं, त्यामुळे रोज काढ-घाल करणंही परवडत नाही. एसीच्या खोलीतून प्रिंटर थेट दमट हॉलमध्ये नेला तर गार हेडवर बाष्प धरतं. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसंच. आणल्यावर तासभर तरी चालू न करता तसाच ठेवा, आणि पिशवीतला रोलही बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत फोडू नका. खोलीला एसी असेल तर पावसाळ्यात ड्राय मोडवर चालवा. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर आली तरी वरचे निम्मे त्रास आपोआप जातात.

वीज. प्रिंट चालू असताना वीज गेली की तो प्रिंट गेला, कागद वाया आणि चार पट्टेही वाया. कॉम्प्युटरसाठी घेतलेला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्यासाठी पुरेल असं धरू नका. हेड तापताना करंट झपकन वाढतो आणि छोटा यूपीएस नेमका तेव्हाच शिटी मारतो. मशीनमागच्या प्लेटवरचा अँपिअरचा आकडा बघून १ केव्हीएचा घ्या, आणि इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइन वेव्हच. मंडपातल्या जनरेटरवर थेट जोडणं म्हणजे नशिबाची परीक्षा. कॅटरर्सचा मिक्सर आणि तुमचा प्रिंटर एकाच फेजवर आला की व्होल्टेज नाचतं.

लग्नातल्या फोटोबूथसाठी, म्हणजे पाहुण्यांचे फोटो काढून तिथल्या तिथे प्रिंट देण्यासाठी, या मशीनची फार जाहिरात होते. तिथे ते शोभतंही. ४ बाय ६ चा प्रिंट मधोमध कापून २ बाय ६ च्या दोन पट्ट्या देण्याची सोय आहे, म्हणजे एका रोलमधून १,४०० पट्ट्या. पण वेगाच्या आकड्याला भुलू नका. १२.४ सेकंदांच्या हिशेबाने तासाला २९० प्रिंट होतात. प्रत्यक्षात मामा-मावश्या गोळा करून, फेटे सरळ करून, मागच्याला पुढे बोलावून एका ग्रुपला ४० सेकंद तरी लागतात. म्हणजे तासाला ९० च्या वर कोणी जात नाही. अक्षता पडल्यापासून पंगत बसेपर्यंतचा जो काय तास-सव्वातास मिळतो त्यात अडतो तो कॅमेऱ्यासमोरचा माणूस, प्रिंटर नाही. वेगासाठी याहून महागाचं मशीन घेऊ नका.

बूथची जागा ठरवताना तीन गोष्टी टाळाव्यात: हात धुण्याची जागा, स्वयंपाकाकडून वाफ येणारी बाजू आणि पोकळ लाकडी स्टेज. स्टेजवर नाचणाऱ्यांचा आणि बेंजोचा हादरा सरळ टेबलात उतरतो आणि ६ इंची पट्टे येतात ते तिथून. टेबल जमिनीवर, चारही पाय टेकलेले. कापून उरलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या पुढच्या खालच्या डब्यात पडतात, तो डबा दर तासाला रिकामा करा. भरला की पट्टी उलटी कटरमध्ये अडकते. अडकलेला कागद चिमट्याने ओढू नका, आधी रिबन बाहेर काढा.

रंगांबद्दल तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा दोष मंडपाचा असतो. गुलाबी-पिवळ्या कापडाखाली ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवायची सोय, प्रत्येक फोटोला वेगळा रंग देतो. फ्लॅश वापरा, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर कायम करा आणि ड्रायव्हरमधली रंगसुधारणा एकदा ठरवून बंद ठेवा. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघेही रंग सुधारायला गेले की चेहरे विटेसारखे लाल येतात.

काउंटरवरच्या कामासाठी मापं अशी. ड्रायव्हर ४ बाय ६ साठी १८४४ बाय १२४० पिक्सेलची फाइल मागतो. १८०० बाय १२०० ची दिलीत तर तो ती किंचित ताणतो आणि ३५ मिलिमीटरचा फोटो ३५ राहत नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोला ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात आणि शीटवर चाराच्या दोन ओळींत आठ बसतात. पॅनसाठी २५ बाय ३५ चं माप वेगळं सेव्ह करून ठेवा. एक टेम्प्लेट तयार करा, त्याचा प्रिंट काढून पट्टीने मोजा आणि मगच गिऱ्हाइकाचं काम घ्या. गंमत म्हणजे खुद्द पासपोर्टसाठी मोठ्या माणसांचा फोटो आता सेवा केंद्रातच काढतात. ‘पासपोर्ट फोटो’ चालतो तो शाळाप्रवेश, बँक आणि सरकारी अर्जांवर.

आणि त्या अर्जांवरच एक अडचण येते, जी कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. अर्जावर चिकटवलेल्या फोटोवर आडवी सही मागतात. चकचकीत प्रिंटवर बॉलपेन घसरतं आणि शिक्क्याची शाई फरफटते. त्याच रिबनवर ड्रायव्हरमधून मॅट फिनिश निवडता येतं, वेगळा कागद लागत नाही. वेळ थोडा जास्त लागतो, पण सही बरी बसते. सरकारी कामाच्या शीट मॅटमध्येच द्या. शिवाय फोटो मऊ पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात घालून देऊ नका. त्या प्लॅस्टिकमध्ये हे रंग हळूहळू शिरतात आणि वर्षभराने चेहरा पाकिटाला चिकटलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनची कडक पाकिटं मिळतात, ती घ्या.

खर्चाचं गणित प्रत्येकाने आपल्या कोटेशनवर करावं. उदाहरण म्हणून पेटी करासकट १४,००० रुपयांना पडते असं धरू. प्रिंट १० रुपयांना. त्यात पाच टक्के वाया धरा, म्हणजे १,३३० चांगले प्रिंट आणि साडेदहा रुपये. आठ फोटोंची शीट ६० रुपयांना देणाऱ्याला हा भाव काहीच नाही. पण रोल पावसात खराब होऊन त्यातले २०० प्रिंट फेकावे लागले तर त्या रोलचा भाव १४ रुपयांवर जातो, आणि गिऱ्हाईक परत आलं तो मनस्ताप वेगळा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदारांना खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही, म्हणून भाव नेहमी करासकटच धरावा.

म्हणून सरळ मत: महिन्याला ५०० च्या वर प्रिंट असतील, किंवा लग्नाच्या मोसमात बूथची कामं ठरलेली असतील, तर आरएक्स१ एचएस घ्या. त्याखाली असाल तर घेऊ नका. दिवसाला चार-पाच शीट काढणाऱ्याला कॅनन सेल्फी सीपी१५०० सारखं छोटं मशीन जास्त शहाणपणाचं. त्याच्या केपी-१०८ पाकिटात १०८ कागद आणि प्रत्येकी ३६ प्रिंटच्या तीन रिबन कॅसेट येतात. प्रिंट महाग पडतो, मशीनही बरंच हळू आहे, पण कॅसेट आठवड्या-दोन आठवड्यांत संपते आणि उरलेलं सगळं सीलबंद राहतं. शाईच्या टाक्यांचा इंकजेट पावसात मला तरी काउंटरसाठी पसंत नाही. प्रिंट स्वस्त, पण दमट हवेत ग्लॉसी कागद लवकर सुकत नाही आणि आठ फोटो कापताना एकावर एक चिकटतात. गणपतीत मात्र चाकरमानी घरच्या मखरापुढचे फोटो १२ बाय १८ मध्ये मागतात. ते ना आरएक्स१ मध्ये होतं, ना सेल्फीत. तिथे मोठा इंकजेट किंवा लॅबच.

केमिकलची मिनिलॅब, म्हणजे दुकानातच फोटो धुऊन देणारं यंत्र, हा पर्याय छोट्या गावात उरलेला नाही, त्याचं कारणही असंच प्रमाणाचं आहे. डेव्हलपर ३५ अंशांच्या आसपास कायम तापता ठेवावा लागतो आणि पुरेसा कागद त्यातून गेला नाही तर तो हवेने खराब होतो. ज्यांनी किसची मिनिलॅब बघितली आहे त्यांना आठवत असेल, किस ही फ्रेंच कंपनी ब्रिटनच्या फोटो-मी या कंपनीची. लंडनच्या शेअर बाजारातल्या या फोटोबूथवाल्यांनी २०२२ मध्ये नावातला ‘फोटो’च काढून टाकला आणि एमई ग्रुप झाले. ऑक्टोबर २०२३ अखेरच्या वर्षात सुमारे ३० कोटी पौंडांची उलाढाल झाली, त्यात पेट्रोलपंपांच्या आवारात ठेवायच्या कपडे धुण्याच्या यंत्रांचा वाटा वाढता. बूथ आजही त्यांचा मोठा धंदा आहे. पण जागा चांगली मिळाली की यंत्रात फोटो निघतो की चादर धुतली जाते याने त्यांना फारसा फरक पडत नाही. आपल्याकडेही बूथचा धंदा जागेचा आणि तारखांचा आहे, प्रिंटरचा नंतर.

दुरुस्तीचं काय, हे खरेदीआधीच विचारा. किनारपट्टीवर या मशीनचा जाणकार सहज सापडत नाही, मशीन मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं. मूळ खोका आणि थर्माकोल टाकून देऊ नका, माळ्यावर ठेवा. पाठवताना कागद आणि रिबन आधी बाहेर काढा. घाटातल्या वळणांवर आत राहिलेला रोल होल्डर तोडतो. विक्रेत्याकडून लेखी घ्या की वॉरंटीत हेड धरलंय का, जाण्या-येण्याचं भाडं कोणाचं, आणि मे महिन्यात बदली मशीन मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर भाव आणखी थोडा खाली आणता येतो.

संपलेली रिबन तशीच कचऱ्यात टाकू नका. वापरलेल्या पट्ट्यांवर प्रत्येक फोटोची उलटी छबी राहते. रिबन उजेडासमोर धरली तर मॅजेंटाच्या पट्ट्यात चेहरा सहज ओळखू येतो, आणि कोणी आधार कार्डाची रंगीत प्रत काढून घेतली असेल तर त्यावरचा नंबरही वाचता येतो. रिबन रिळावरून सोडवत बसायची गरज नाही. रिळासकट कटरने तीन-चार ठिकाणी आरपार कापून टाकली की पुरे. जाळू मात्र नका, ते प्लॅस्टिक आहे.